खालच्या आजोबांचं शहर

साप्पोरोला जायचं ठरलं तेव्हा मी आठवडाभर नवऱ्याशी धड बोलले नव्हते. टोकियोतल्या निशी-कसाईत आमचं बस्तान छान बसलेलं होतं. स्टेशनबाहेर पडलं की कढीपत्ता मिळायचा, इंडियन दुकानात हिंदीत घासाघीस करता यायची, गणपतीला ओळखीची वीस-पंचवीस घरं जमायची. सात वर्षांत मला जपानी भाषा लागली ती दवाखान्यात आणि कचरा वेगळा करताना. आणि आता क्लायंटचं ऑफिस उत्तरेला आहे म्हणून सगळं सोडून बर्फात जाऊन राहायचं. नवरा म्हणाला, "दोनच वर्षांचा प्रश्न आहे." दोन वर्षं काय कमी असतात? त्याला ऑफिस होतं. माझी इंडियन बालवाडीतली नोकरी मात्र सुटली ती सुटलीच.

ऑक्टोबरात पोचलो. शहर मोठं, रस्ते रुंद, माणसं सभ्य, आणि मला त्यातलं काहीही आवडलं नाही. पत्ता म्हणजे नुसती दिशा आणि आकडा, उत्तर इतकं आणि पश्चिम इतकं. गल्लीला नाव नाही, चौकाला नाव नाही. सगळे चौक मला सारखेच दिसायचे आणि मी दोनदा आपल्याच घराच्या मागच्या रस्त्याला जाऊन उभी राहिले. डिसेंबरात तर चार वाजताच अंधार पडायचा. घरात रॉकेलच्या हीटरचा वास, बाहेर कावळे. मी आईला फोनवर सांगायचे, मजेत आहे गं. आणि फोन ठेवून रडायचे, हेही सांगून टाकते.

आमचं घर एका दुमजली लाकडी इमारतीत होतं. चार बिऱ्हाडं, त्यातली दोन रिकामी. आम्ही वर, आणि आमच्या बरोबर खाली एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. तोंडावर मी त्यांना आडनावाला सान लावून हाक मारायचे, पण घरात आम्ही त्यांना 'खालचे आजोबा' म्हणत असू. ते मला 'ओकुसान' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे 'वहिनी' म्हणतात त्यातलंच.

आमची ओळख झाली ती ते माझ्यावर ओरडले म्हणून. नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडून गेला होता आणि मी छपराच्या कडेखाली उभी राहून फोनवर बोलत होते. हे खिडकी उघडून जोरात ओरडले. शब्द कळले नाहीत, पण हातवारे 'हो बाजूला' असेच होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सात वर्षांत माझ्यावर जपानी माणूस ओरडला नव्हता. मी मुद्दाम रमतगमत बाजूला झाले. दोन दिवसांनी बघते तर त्याच जागी छपरावरून घसरलेल्या बर्फाचा कमरेएवढा ढीग, दगडासारखा घट्ट. तो अंगावर आला असता तर मी हे लिहायला राहिले नसते. संध्याकाळी मी बेसनाचे लाडू घेऊन खाली गेले.

त्यांनी अख्खी नोकरी शहराच्या बस चालवण्यात घालवली होती. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा एकच, ओसाकाजवळ. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि मला काही उद्योग नव्हता. मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर निघायला लागले. माझी जपानी तोडकीमोडकी, त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, पण चालताना जमून जायचं.

साप्पोरो मला त्यांनी दाखवलं, आणि दाखवलं ते बसवाल्याच्या नजरेनं. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर खाली तोंड केलेले लाल-पांढरे बाण टांगलेले असतात. मला वाटायचं काहीतरी रहदारीचं असेल. आजोबा म्हणाले, "बर्फाच्या वादळात रस्ता दिसत नाही, कडा दिसत नाही, काहीच दिसत नाही. मग हे बाण बघत गाडी न्यायची. इथे रस्ता संपतो, एवढंच ते सांगतात." चौकाचौकांत हिरव्या पेट्या असतात, त्यांत बारीक खडीच्या पिशव्या. कुणीही पिशवी घ्यावी, फोडावी आणि निसरड्या रस्त्यावर खडी टाकावी. आपल्यामागून येणारा पडू नये म्हणून. मी आधी त्यांना कचऱ्याच्या पेट्या समजत होते. आजोबा प्रत्येक उतारावर थांबून खडी टाकायचे आणि मला टाकायला लावायचे. हळूहळू मला चौक वेगळे दिसायला लागले. हा घसरणीचा, हा वाऱ्याचा, या वळणावर पूर्वी शाळा होती आणि मुलं सीटवर च्युइंगम चिकटवायची. आकड्यांच्या मागे शहर होतं तर. मी मात्र नाक मुरडत बसले होते.

चालताना ते एक गोष्ट करायचे. जुन्या रूटचे थांबे ओळीनं म्हणायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग उलटे. मी विचारलं तेव्हा आधी हसले, मग खरं सांगितलं. मुलगा दर रविवारी फोन करायचा आणि मध्येच विचारायचा, काल काय खाल्लंत, गुरुवारी कोण आलं होतं. एकदा त्यांनी गॅसवर किटली ठेवली होती आणि विसरले होते, तेव्हापासून. मुलानं आपल्या घराजवळ वृद्धांसाठीची एक जागा बघून ठेवली होती. तिथे बर्फ पडत नाही, असं तो प्रत्येक वेळी सांगायचा.

"मी विसरायला लागलो की तो मला घेऊन जाणार," आजोबा म्हणाले. "वाईट नाही तो. पण मी तिथे रस्त्यावर आलो तर कुठे जाऊ? मला एकही चौक माहीत नाही."

घरमालकानं नव्या भाडेकरूंना हिवाळ्यातल्या गोष्टी समजावून द्यायचं काम आजोबांवर सोपवलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता. जानेवारीत माझ्या धाकट्या भावाचं पुण्यात लग्न होतं आणि आम्ही दोन आठवड्यांसाठी निघणार होतो. निघायच्या तीन दिवस आधी आजोबा स्वतः जिना चढून वर आले. हातात काहीबाही लिहिलेला कागद होता, पण तो त्यांनी वाचला नाही. एकेक गोष्ट दाखवली. तिथे थंडीत घर बंद ठेवायचं तर नळांतलं पाणी काढून टाकावं लागतं. हा खटका असा फिरवायचा, मग सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे, संडासात हे पाणी गोठू न देणारं औषध ओतायचं. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवला. खालून वर येणारा मुख्य पाइप या भिंतीत आहे, तो रिकामा होत नाही. त्याच्याभोवती विजेची तार गुंडाळलेली आहे, ती त्याला हिवाळाभर उबदार ठेवते. तिची वीज तुमच्या घरातून जाते.

मग दाराजवळच्या ब्रेकरच्या डब्यावर, म्हणजे मेन स्विचवर, बोट ठेवून ते म्हणाले, "बाकी काही विसरलात तरी चालेल. हा बंद करायचा नाही."

"हाय," मी म्हणाले, म्हणजे जपानीत 'हो'.

"हा बंद करायचा नाही," ते पुन्हा म्हणाले. बोट तिथेच होतं.

मला समजलं होतं. भाषेचा काही घोळ नव्हता. मी त्यांना चहा दिला, त्यांनी लग्नाबद्दल विचारलं, घोडा असतो का वगैरे, आणि ते खाली गेले. नवरा ऑफिसातून आल्यावर मी त्याला सांगितलंही, आजोबा सगळं समजावून गेले म्हणून.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली होती. नवरा बॅगा उतरवत होता. एका बॅगेची चेन लागेना. मी आतून ओरडत होते, तो खालून ओरडत होता. खटका फिरवला, नळ उघडले, औषध ओतलं. मग मी तेच केलं जे आमच्या घरात गावाला जाताना कायम होतं. लहानपणापासून बघत आले होते. आई शेवटी निघणार, गॅस बघणार, खिडक्या बघणार, मेन स्विच खाली ओढणार आणि कुलूप तीनदा हिसडून बघणार. माझा हात आपणहून वर गेला. खट्. घर शांत झालं आणि मला बरं वाटलं, सगळं व्यवस्थित बंद केल्याचं. मी कुलूप तीनदा हिसडलं.

लग्न छान झालं. मला त्यातलं आता काही आठवत नाही. घरी पूजा होती त्या दिवशी नवऱ्याला फोन आला, इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा. तो गच्चीवर जाऊन बोलत होता. मी खालून त्याच्याकडे बघत होते आणि तो सारखा वाकून माफी मागत होता, फोनवर, पुण्याच्या गच्चीत. चार दिवस कडक थंडी पडली होती. भिंतीतला पाइप गोठून फुटला. मग एका रात्री थंडी ओसरली, पाइपमधला बर्फ वितळला आणि पाणी खाली गेलं.

"मेन स्विच," मी म्हणाले.

"आजोबांना काही झालेलं नाही," नवरा म्हणाला. "त्यांना दुसरीकडे हलवलंय."

परतलो तेव्हा आधी खाली गेलो. आजोबांच्या खोलीचं छत एका बाजूनं लोंबत होतं. जमिनीवरच्या तातामी चटया भिजून फुगल्या होत्या, कपाटातल्या गाद्यांवर काळे डाग पडले होते, खिडकीच्या आतल्या काचेवर बर्फ धरला होता. पाणी पहाटे पडायला लागलं होतं, बरोबर त्यांच्या अंथरुणावर. पाजामा भिजलेला असताना ते जानेवारीच्या थंडीत बाहेर येऊन रस्त्यापलीकडच्या घरांची दारं वाजवत होते. पाच दिवस दवाखान्यात होते, आणि आता महापालिकेच्या एका तात्पुरत्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या घरी जमले. कंपनीचा माणूस, प्लंबर, ओसाकाहून आलेला मुलगा, आणि आजोबा. ते थकलेले दिसत होते, पण मला बघून मान लववली आणि लग्न कसं झालं विचारलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मनात वाक्य तयार होतं.

पण कंपनीचा माणूस आधी बोलला. तिशीतला असेल. त्यानं ब्रेकरचा डबा उघडला, माझ्याकडे वळला आणि एकेक शब्द तोडत, मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला. वीज. बंद. आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. नाही. कळलं? मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या देशात थंडी नसते, त्यामुळे परदेशी लोकांना हे समजत नाही. परदेशी भाडेकरू घेताना म्हणूनच आम्हाला विचार करावा लागतो."

माझं डोकं फिरलं. मला राग पटकन येतो आणि आला की माझं भान जातं, हे माझ्या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. मी माझ्या सगळ्यात चांगल्या जपानीत, अगदी स्वच्छ, म्हणाले, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

आजोबा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. खरोखर विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सांगितलं नव्हतं?"

अजूनही वेळ होती. समोर फुलीवाला माणूस होता. नवरा माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले.

मग मी पाहिलं की मुलगा माझ्याकडे बघतच नव्हता. तो बापाकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता, फक्त काळजी होती, आणि ती पाहून मला कळलं मी काय करून बसले ते. आजोबा ब्रेकरच्या डब्याकडे पाहत जरा वेळ उभे राहिले. मग कंपनीच्या माणसापुढे वाकले, मग माझ्यापुढे वाकले, खूप खाली. म्हणाले, "सांगायचं काम माझं होतं. मला वाटत होतं मी सांगितलं. माफ करा."

त्या दिवशी सगळे गेल्यावर नवरा म्हणाला, "तू तर म्हणाली होतीस आजोबा सगळं समजावून गेले."

"तू गप्प बस."

दोन दिवसांनी त्यानंच समजुतीच्या सुरात सांगितलं, आता उकरून काढून काय उपयोग, इन्शुरन्सवाले सगळं बघतायत, आणि हे घर गेलं तर आपल्याला दुसरं कोण देतंय. मला तेच ऐकायचं होतं. मी त्याच्यावर चिडले आणि त्याचं ऐकलंही.

फेब्रुवारीत आजोबांचं घर दुरुस्त झालं आणि ते परत आले. मी रोज काहीतरी शिजवून खाली नेत होते. ते डबा धुऊन परत द्यायचे आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असायची, कोणाचा, कधीचा. घरभर चिठ्ठ्या दिसायला लागल्या. गॅसपाशी, दारापाशी, औषधांवर. मुलगा आता रोज फोन करत होता.

एका शुक्रवारी आम्ही पुन्हा चालायला निघालो. नदीकडे जाणाऱ्या चौकात ते थांबले. दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मग मला म्हणाले, "ओकुसान, इथून डावीकडेच ना?"

डावीकडेच होतं. त्यांना माहीत होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की माहीत आहे. पण आपल्याला माहीत आहे यावरच त्यांचा भरवसा राहिला नव्हता. आयुष्यभर शेकडो माणसं मागे बसवून वादळातून गाडी नेलेला माणूस मला वळण विचारत होता, साप्पोरोत, मला, जिला वर्ष पण झालेलं नव्हतं. मी "हो, डावीकडे," म्हणाले. तिथेही मी बोलले नाही. थंडी होती, ते दमले होते, माझी जपानी कमी पडेल, असं काय काय मनात आलं. खरं कारण एकच, मला लाज वाटत होती, आणि त्यांच्या नजरेतून मला उतरायचं नव्हतं.

मार्चमध्ये त्यांनी मुलाला हो म्हटलं. मुलानं त्यांच्यावर कसलीच जबरदस्ती केली नव्हती. ते आपणहून म्हणाले, हे मला त्या मुलानंच जिन्यात सांगितलं. म्हणाला, "बाबांनी फार समंजसपणे घेतलं. त्या पाइपच्या प्रकरणानंतर त्यांचं त्यांनाच पटलं." आणि त्रास झाल्याबद्दल माझी पुन्हा माफी मागितली.

त्या दिवसांत बर्फ वितळायला लागला होता. पर्यटकांच्या फोटोंत हे साप्पोरो नसतं. रस्त्याच्या कडेचे ढीग काळे पडतात, त्यांतून हिवाळाभराचा कचरा वर येतो, हातमोजे, सिगारेटची पाकिटं, कुत्र्यांची घाण, आणि सगळ्यावर वाळलेल्या खडीची धूळ उडते. मी घराबाहेर पडत नव्हते. वहीत वाक्यं लिहीत होते, खोडत होते, फोनवर तपासत होते. चुकायला नको होतं.

ते जाणार त्या दिवशी सकाळी मी खाली गेले. मुलगा गाडी आणायला गेला होता. खोलीत खोकी होती आणि आजोबा कोट घालून खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि पाठ केलेलं सगळं बोलले. तुम्ही सांगितलं होतंत. दोनदा. ब्रेकरवर बोट ठेवून. आम्ही चहा प्यायलो, तुम्ही लग्नातल्या घोड्याबद्दल विचारलंत. मला सगळं समजलं होतं. मी घाईत विसरले आणि नंतर सगळ्यांसमोर खोटं बोलले. तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. तुम्ही जाऊ नका. मी तुमच्या मुलाला आत्ता सांगते.

त्यांनी कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं. एकदाही मला अडवलं नाही. मग त्यांचा चेहरा मऊ झाला.

"तुम्ही फार चांगल्या आहात, ओकुसान," ते म्हणाले.

"नाही. हे खरं आहे."

"माझी बायको शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती," ते म्हणाले. "तिला त्याचं फार वाईट वाटायचं. मग मी तिला सांगायचो, अगं, आत्ताच तर तू मला नावानं हाक मारलीस. अगदी तपशील देऊन सांगायचो, कुठे बसली होतीस, हातात काय होतं. तिला बरं वाटायचं."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, ब्रेकर, बोट, चहा, घोडा. रडू येत होतं, वाक्यं तुटत होती. ते माझ्यापुढे वाकले आणि त्यांनी माझे आभार मानले. मी आणखी एकदा सांगितलं. तेही त्यांनी तितक्याच मायेनं ऐकून घेतलं.